कर्जाच्या दाव्यात उशिरा बदललेली कैफियत

कर्जवसुलीच्या दाव्यात प्रतिवादीने एकदा लेखी कैफियत दिली की तिच्यातला बचाव पुढे बदलता येतो का? येत असेल तर कुठल्या टप्प्यापर्यंत आणि कोणत्या कारणासाठी? हा प्रश्न फक्त वकिलांचा वाटतो. पण महाड आणि पोलादपूर तालुक्यांत तो पतसंस्थेच्या कर्जदाराचा आहे, त्याच्यासाठी सही केलेल्या जामीनदाराचा आहे, उधारीवर माल उचलणाऱ्या दुकानदाराचा आहे. मुंबईला नोकरीला असलेल्या मुलाच्या नावचे समन्स गावात घेणाऱ्या आईचाही तो आहे. पहिल्या तारखांना घाईत लिहिले गेलेले चार परिच्छेद पुढची कित्येक वर्षे त्यांच्या जमिनीवर आणि पगारावर अंमल गाजवतात.

कायदा इथवर कसा आला, उशिरा सुचणारे बचाव कोणते, त्यांतले कोणते टिकतात आणि दिवाणी कोर्टाबाहेरच्या वसुलीत काय होते, हे या लेखात क्रमाने पाहू. त्यामागे माझे एक ठाम म्हणणे आहे. उशिराच्या बदलावर कायद्याने घातलेली मर्यादा योग्यच आहे. पण पहिली कैफियत खरोखर कर्जदाराची असेल तरच ती मर्यादा न्याय्य ठरते, आणि ती तशी आहे की नाही हे पाहण्याचे साधन कोर्टाच्या हातात आजही आहे.

पहिली कैफियत कशी लिहिली जाते

समन्स प्रतिवादीच्याच हाती पडले पाहिजे असे नाही. तो घरी नसेल आणि वाजवी वेळेत सापडण्यासारखा नसेल, तर कुटुंबातल्या सज्ञान व्यक्तीवर ते बजावता येते. पोलादपूरच्या डोंगराकडच्या गावांत कर्ता माणूस चाकरमानी असतो. समन्स घरच्यांकडे जाते, फोनवर त्यातले अर्धेमुर्धे कळते, सुट्टी काढून माणूस गावी येतो तोवर दोन तारखा होऊन गेलेल्या असतात. कैफियत समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत द्यायची असते. कारणे नोंदवून कोर्ट ही मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये कैलाश विरुद्ध नन्हकू या निकालात साध्या दिवाणी दाव्यांसाठी ही मुदत अगदीच न ओलांडता येणारी नाही असे म्हटले, पण ती ओलांडायला अपवादात्मक कारण दाखवावे लागते. कारण पटले नाही तर कैफियतीशिवाय दावा पुढे चालवण्याचा हुकूम होतो.

या घाईत जी कैफियत तयार होते ती बऱ्याचदा ठरलेल्या साच्यातली असते. ‘दाव्याच्या कलम 2 ते 7 मधील मजकूर खोटा, खोडसाळ व बनावट असून तो या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. सबब दावा खर्चासह रद्द व्हावा.’ पक्षकाराने सही करायची आणि पुढची तारीख घेऊन घरी जायचे. असा सरसकट नकार सुरक्षित वाटतो, पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 8 मधले नियम 3 ते 5 काही वेगळेच सांगतात. प्रत्येक कथन मुद्द्याला धरून नाकारले पाहिजे. मोघम किंवा टाळाटाळीचा नकार ही कबुली समजली जाऊ शकते.

समजा एका माणसाने 2 लाख रुपये घेतले आणि त्यांतले 1 लाख 40 हजार हप्त्याहप्त्याने परत केले. काही रोख, काही मोबाइलवरून. त्याचा खरा बचाव ‘बहुतेक रक्कम फेडली, उरलेल्याचा हिशेब चुकीचा आहे’ हा आहे. कैफियतीत मात्र ‘कर्ज घेतलेच नाही’ असे लिहून गेले. मुद्दे निघाले, वादीने सरतपासाचे शपथपत्र दिले आणि उलटतपासाच्या तयारीला बसल्यावर वकिलाने पहिल्यांदा विचारले, ‘पैसे परत दिल्याच्या पावत्या आहेत का?’ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या पावत्या तेव्हा टेबलावर येतात. दुरुस्तीचा अर्ज करण्याची वेळ बहुतेकदा अशीच येते. त्यामागे दर वेळी लबाडी नसते. पुष्कळदा ही गोष्ट पहिल्या दिवशी कोणी विचारलेलीच नसते.

महाडमध्ये याला पुराचीही जोड आहे. 22 जुलै 2021 रोजी सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. त्याच पावसात महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर घाला आला. 2005 च्या जुलैमध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांनी हेच सोसले होते. अशा पाण्यात वह्या, पावत्या, पासबुके आणि करारांच्या प्रती जातात. पुढे वसुलीचा दावा आला की कागदाअभावी बचाव अर्धवट राहतो आणि बँकेकडून खातेउतारा मिळाल्यावर नव्याने काही सांगायचे असते. ‘पुरेशी तत्परता दाखवूनही आधी सांगता आले नाही’ हे कायद्यातले वाक्य इथल्या माणसाच्या बाबतीत शब्दशः खरे असू शकते. फक्त ते अर्जात तारखांसह मांडावे लागते.

मागच्या दीडशे वर्षांतला प्रवास

कर्जदाराचा बचाव कोर्टाने कसा ऐकावा, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि दख्खनच्या दंग्यांना सुरुवात झाली. चौकशी आयोग नेमला गेला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांपुरता होता. म्हणजे पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून साताऱ्यात गेलेल्या कुणब्याला त्याचा आधार होता, घाटाखालच्या कुलाबा जिल्ह्यातल्या कुणब्याला तेव्हा नव्हता.

या कायद्यातले 12 वे कलम आजही लक्ष देऊन वाचावे असे आहे. रकमेबद्दल वाद असेल तर न्यायाधीशाने वादी आणि प्रतिवादी दोघांना तपासायचे, व्यवहार सुरू झाल्यापासूनचा इतिहास पाहायचा, आणि फसवणूक, चूक, दबाव किंवा अन्य काही बचाव निघतो का हे स्वतः शोधायचे. कर्जदाराने रक्कम कबूल केली तरी ती कबुली खरी आहे आणि आपल्या हक्कांची पूर्ण जाण ठेवून दिली आहे, असे कारणे नोंदवून वाटले तरच न्यायाधीशाला या चौकशीतून सूट होती. बचाव मांडण्याचा सगळा भार एकट्या कर्जदारावर न टाकणारा हा कायदा होता. पुढे तो इतरत्रही लावला गेला आणि विसाव्या शतकाच्या मध्यात शेतकरी कर्जनिवारणाच्या नव्या कायद्यांनी त्याची जागा घेतली.

दुरुस्तीच्या प्रश्नाला सर्वसाधारण दिशा मुंबई उच्च न्यायालयाने 1909 मध्ये दिली. किसनदास रूपचंद विरुद्ध रचप्पा विठोबा या भागीदारीच्या आणि पैशांच्या वादात न्यायमूर्ती बॅचलर यांनी दोन कसोट्या सांगितल्या. दुरुस्तीने समोरच्यावर अन्याय होऊ नये, आणि पक्षकारांमधला खरा वाद ठरवायला ती आवश्यक असावी. दोन्ही पुऱ्या होत असतील तर दुरुस्ती द्यावी. समोरच्याला झालेला त्रास खर्च देऊन भरून निघत असेल तर तो अन्याय धरायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये पिरगोंडा पाटील यांच्या प्रकरणात हेच सूत्र उचलून धरले आणि पुढची चाळीसेक वर्षे देशभरची कोर्टे त्यावर चालली.

कैफियतीत पहिल्यापासून काय मांडले आहे याला किती वजन असते, ते महाडइतके कुठल्या गावाला ठाऊक असेल? चवदार तळ्याचा दावा 1927 च्या डिसेंबरात महाडच्याच कोर्टात दाखल झाला. तो कर्जाचा नव्हता, पण त्याचा धडा इथे लागू पडतो. वादींनी तळ्याच्या मालकीचे आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव करणाऱ्या अनादि वहिवाटीचे कथन केले होते. मालकी टिकली नाही. वहिवाटही सिद्ध झाली नाही, आणि मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात प्रतिवादी असलेले डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी जिंकले. जवळपास दहा वर्षे सगळा पुरावा आणि युक्तिवाद सुरुवातीला घेतलेल्या पवित्र्याभोवती फिरत राहिला.

कबुली मागे घेता येत नाही

सढळ हाताने दुरुस्ती देण्याच्या या परंपरेला एक ठळक अपवाद 1976 मध्ये पक्का झाला. मोदी स्पिनिंग विरुद्ध लधाराम या पैशांच्याच दाव्यात प्रतिवादींनी वादी आपला साठेदार आणि वितरक असल्याचे कैफियतीत कबूल केले होते. सुमारे तीन वर्षांनी ते परिच्छेद काढून वादी हा खरेदीदार आणि व्यापारी दलाल होता असे लिहायची परवानगी त्यांनी मागितली. सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. अशा बदलाने वादीला मिळालेली कबुली हातून जाते आणि त्याचे भरून न येणारे नुकसान होते, हे त्यामागचे कारण. 1998 च्या हीरालाल विरुद्ध कल्याणमल आणि 2015 च्या राम निरंजन कजारिया या निकालांनीही हीच रेषा कायम ठेवली. मात्र शेवटच्या निकालात एक महत्त्वाची सवड आहे: कबुली पुसता येत नाही, पण तिचे स्पष्टीकरण देता येते.

या सवडीचे चांगले उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या 2007 च्या उषा बाळासाहेब स्वामी विरुद्ध किरण अप्पासो स्वामी या निकालात सापडते. प्रतिवादींनी आधीची कबुली ठेवून तिला एक अट जोडली होती. कोर्टाने ती दुरुस्ती मान्य केली. दावा-अर्जाच्या दुरुस्तीपेक्षा कैफियतीच्या दुरुस्तीकडे अधिक उदारपणे पाहावे, असेही सांगितले. कारण उघड आहे. वादी दाव्याचे कारणच बदलू लागला तर समोरच्याला नवाच दावा लढावा लागतो. प्रतिवादीने बचावात भर घातली तर दावा तोच राहतो. 2006 च्या बलदेव सिंग विरुद्ध मनोहर सिंग या निकालाने तर परस्परांशी न जुळणारे पर्यायी बचावही कैफियतीत घेता येतात असे म्हटले.

म्हणून वर सांगितलेल्या पावत्यांच्या माणसाला वाट आहे. त्याने कर्ज कबूल केलेले नाही, नाकारले आहे. ‘घेतले, पण बहुतेक फेडले’ हे जोडायला तो परवानगी मागू शकतो. ज्याने पहिल्या कैफियतीत ‘सही माझी आहे, पण कोरा धनादेश तारण म्हणून दिला होता’ असे लिहिले आणि दोन वर्षांनी ‘सहीच माझी नाही’ म्हणायचे ठरवले, त्याला वाट जवळजवळ नाही. पावत्यांच्या माणसालाही किंमत मोजावी लागतेच. सरसकट नकारानंतर आलेल्या फेडीच्या कथनावर उलटतपासात पहिला घाव तिथेच बसतो: ‘आधी तुम्ही कर्जच घेतले नाही म्हणत होता ना?’

2002 नंतरची कसोटी

दिवाणी दावे लांबतात ही तक्रार जुनीच होती. 1999 च्या दुरुस्ती कायद्याने आदेश 6 चा नियम 17, म्हणजे प्लीडिंग्ज (दावा-अर्ज आणि कैफियत) बदलण्याची तरतूदच काढून टाकायचे ठरवले. वकिलांनी देशभर विरोध केला. 2002 च्या दुरुस्ती कायद्याने नियम ठेवला, पण त्याला एक परंतुक जोडले, आणि 1 जुलै 2002 पासून ते लागू आहे. दाव्याची सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती द्यायची नाही. पुरेशी तत्परता दाखवूनही तो मुद्दा पक्षकाराला आधी मांडता आला नसता, असे कोर्टाला पटले तरच अपवाद. 2005 मध्ये सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध ठरवला.

मग सुनावणी सुरू कधी होते? मुद्दे निघाल्यावर की साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिल्यावर? सुरुवातीच्या निकालांत याबद्दल वेगवेगळे सूर आहेत. 2009 च्या विद्याबाई विरुद्ध पद्मलता या निकालाने व्यवहारात वापरता येईल असे उत्तर दिले: सरतपासाचे शपथपत्र दाखल झाले की सुनावणी सुरू झाली. त्या प्रकरणात प्रतिवादींनीच कैफियत बदलायची परवानगी मागितली होती, आणि तत्परतेचे कारण दाखवता न आल्याने ती नाकारली गेली. 2012 च्या जे. सॅम्युएल प्रकरणात तर ‘टंकलेखनातली चूक’ हे कारण तत्परतेच्या कसोटीवर उतरले नाही.

याचा अर्थ दार बंद झाले असा नाही. 2017 चा बिहार राज्य विरुद्ध मॉडर्न टेंट हाउस हा निकाल पैशांच्या वसुलीच्या दाव्यातलाच. तिथे सरकारने, म्हणजे प्रतिवादीने, उशिरा कैफियत दुरुस्त करायला परवानगी मागितली आणि ती मिळाली. आधीच मांडलेल्या तथ्यांचा त्यात विस्तार होता, नवा बचाव नव्हता. 2022 मध्ये आयुर्विमा महामंडळ विरुद्ध संजीव बिल्डर्स या निकालाने आधीच्या सगळ्या निर्णयांचा मागोवा घेऊन सूत्रे एकत्र मांडली. खऱ्या वादाच्या निर्णयाला आवश्यक आणि समोरच्यावर अन्याय न करणारी दुरुस्ती सर्वसाधारणपणे द्यावी, नुसता उशीर हे नाकारायचे कारण नव्हे, हा त्याचा सूर आहे. परंतुकाची तत्परता मात्र जागेवर आहे.

उशिरा सुचणारे बचाव

कर्जाच्या दाव्यात उशिरा पुढे येणारे बचाव साधारण ठरलेले असतात, आणि सगळ्यांची ताकद सारखी नसते.

मुदतीचा बचाव सर्वांत भक्कम. उसने दिलेल्या पैशांच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत आहे. मुदत कायद्याचे कलम 3 कोर्टालाच सांगते की दावा मुदतबाह्य असेल तर प्रतिवादीने तसे म्हटले नसले तरी तो फेटाळायचा. त्यामुळे कागदांवरूनच मुदत संपलेली दिसत असेल तर हा मुद्दा अपिलातही घेता येतो. पण मध्ये लेखी कबुली किंवा काही भरणा झाला असेल तर मुदत नव्याने सुरू होते. बँका आणि पतसंस्था मुदत संपायच्या आत शिल्लक कबुलीपत्रावर सही घेतात ती यासाठीच. त्या सहीबद्दल वाद असेल तर तो तथ्याचा प्रश्न झाला, आणि तथ्य कैफियतीत यावेच लागते.

दुसरा बचाव सावकारी परवान्याचा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 च्या कलम 13 नुसार, कर्ज देताना सावकाराकडे वैध परवाना होता अशी खात्री झाल्याशिवाय कोर्टाने त्याच्या बाजूने हुकूमनामा द्यायचा नाही. बंधन कोर्टावर असल्याने हा मुद्दा उशिरा आला तरी दुर्लक्षित होऊ नये. पण दोन अडचणी आहेत. एखाद्याला एकदा दिलेले हातउसने म्हणजे सावकारीचा धंदा नव्हे, तो धंदा होता हे दाखवावे लागते. शिवाय वचनचिठ्ठीखेरीज इतर परक्राम्य दस्ताच्या, म्हणजे मुख्यतः धनादेशाच्या आधारे दिलेली ठराविक मर्यादेवरची रक्कम या कायद्याच्या ‘कर्ज’ या व्याख्येतूनच वगळलेली आहे. हे ठाऊक नसताना घेतलेला परवान्याचा बचाव पहिल्याच उत्तरात कोसळतो.

व्याजाचा बचाव मागे पडतो आणि पडायला नको. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये हा दामदुपटीचा नियम जुन्या मुंबई इलाख्यात हिंदू कर्जदारांच्या बाबतीत कोर्टे पाळत आली, आणि सावकारी कायद्यानेही तो स्वीकारला आहे. हिशेबावर बोट ठेवायला कर्ज नाकारावे लागत नाही. उलट ‘मुद्दल मान्य, व्याज अमान्य’ असे पहिल्या दिवशी म्हणणारा प्रतिवादी पुढे दुरुस्ती मागायला येतच नाही.

जामीनदाराचा बचाव बहुतेकदा खरोखरच उशिरा कळतो. त्याच्या संमतीशिवाय मूळ कराराच्या अटी बदलल्या, तर भारतीय करार कायद्याच्या कलम 133 नुसार त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरता तो मोकळा होतो. पण कर्जाचे पुनर्गठन झाले, हप्ता बदलला किंवा मर्यादा वाढवली, हे त्याला वादीचा खातेउतारा पुराव्यात आल्यावरच समजते. तत्परतेच्या परंतुकात बसणारे याहून स्वच्छ उदाहरण सापडणार नाही.

प्रतिदाव्याचा हिशेब वेगळा आहे. 2019 च्या अशोककुमार कालरा या निकालाने कैफियतीनंतरही प्रतिदावा देता येतो असे मान्य केले, पण सर्वसाधारण मर्यादा मुद्दे निघेपर्यंतची ठेवली. कागद राहून गेला असेल तर त्यासाठी कैफियत बदलायची गरजच नसते. आदेश 8 नियम 1-अ खाली कोर्टाच्या परवानगीने तो नंतर दाखल करता येतो. अनेक दुरुस्ती अर्ज प्रत्यक्षात एवढ्यानेच भागले असते.

दिवाणी कोर्टाबाहेर

कर्जदाराला लागणारी प्रत्येक नोटीस दिवाणी दाव्याची नसते, आणि ‘नंतर बदलू’ ही सवय सगळ्यांत घातक ठरते ती इथे.

पतसंस्थेची वसुली बहुतेकदा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 खाली होते. निबंधकापुढे संक्षिप्त चौकशी होते आणि वसुली दाखला निघतो. थकबाकीबाबत तो निर्णायक पुरावा असतो. त्याविरुद्ध पुनरीक्षणात जायचे तर आधी वसूल करायच्या रकमेच्या 50 टक्के भरावे लागतात. दोन-तीन तारखांत आटोपणाऱ्या या चौकशीत जे सांगितले नाही ते पुढे सांगण्याची किंमत अशी रोख मोजावी लागते.

बँकेची सरफेसी कायद्याखालची, तारण ताब्यात घेऊन वसुली करण्याची नोटीस आली तर 60 दिवसांची मुदत असते. त्यात कर्जदाराने लेखी हरकत घेतली की बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावेच लागते. शेतजमिनीवरचे तारण या कायद्याच्या बाहेर आहे, आणि पोलादपूरसारख्या तालुक्यात हा मुद्दा पहिल्याच उत्तरात यायला हवा. ताबा घेतल्यावर कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जायला 45 दिवस मिळतात.

धनादेश न वटल्याच्या फिर्यादीत कैफियतच नसते. पण नोटिशीला 15 दिवसांत दिलेले उत्तर हा व्यवहारात पहिला बचाव असतो, आणि उत्तर न देणे पुढे अंगाशी येते. 2010 च्या रंगप्पा निकालानंतर कायदेशीर देणे होते हेही गृहीत धरले जाते आणि ते खोडण्याची जबाबदारी आरोपीवर येते. एकाच व्यवहारावर फौजदारी फिर्याद आणि दिवाणी दावा दोन्ही असतील, तर एकीकडचे म्हणणे दुसरीकडच्या उलटतपासात हमखास समोर येते.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या पुरवठादारांचे आणि व्यापाऱ्यांचे 3 लाखांवरचे वाद वाणिज्यिक न्यायालय कायद्यात जाऊ शकतात. तिथे 120 दिवसांनंतर कैफियत घेताच येत नाही. पण याच कायद्याने आदेश 8 मध्ये नियम 3-अ घातला आणि नुसत्या नकाराला मज्जाव केला. नकाराचे कारण द्यायचे, आणि आपले म्हणणे वेगळे असेल तर ते काय आहे हे सांगायचे. साध्या कर्जाच्या दाव्यालाही हीच शिस्त हवी.

बाहेरच्या जगात

हा प्रवास आपलाच नाही. इंग्लंडमध्ये 1884 च्या क्रॉपर विरुद्ध स्मिथ या प्रकरणात न्यायमूर्ती बोवेन यांनी म्हटले होते की कोर्टांचे काम हक्क ठरवणे आहे, खटला चालवताना झालेल्या चुकांची शिक्षा देणे नाही. शंभर वर्षांनी, 1987 मध्ये, केटमन खटल्यात लॉर्ड ग्रिफिथ्स यांनी दुसरी बाजू मांडली. प्रतिवादींनी मुदतीचा बचाव अगदी शेवटी, भाषणांच्या वेळी घेतला होता, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने तो नाकारला. खटल्याचा ताण माणसांवर पडतो आणि तो नेहमी पैशांनी भरून निघत नाही, हे त्या निकालाचे सार. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. आपल्याकडे वादी नेहमी बडी बँकच नसते. निवृत्तीच्या पैशांतून कोणाला हातउसने दिलेला शिक्षकही वादी असतो. पतसंस्थेच्या मागे गावातल्याच ठेवीदारांचे पैसे असतात. त्यांनाही निकाल वेळेत हवा असतो.

काय व्हायला हवे

ज्याला आजच दुरुस्ती मागायची आहे त्याने काही गोष्टी कटाक्षाने कराव्यात. अर्जात जोडायचा मजकूर शब्दशः द्यावा. ती गोष्ट केव्हा आणि कोणत्या कागदावरून कळली, आधी का कळली नाही, हे तारखांसह लिहावे. पुरात कागद गेले असतील तर पंचनामा जोडावा. जुनी कबुली खोडू नये, गरज असल्यास स्पष्टीकरण द्यावे. समोरच्याच्या खर्चाची तयारी दाखवावी. परवानगी मिळाली की हुकुमात वेगळी मुदत नसल्यास 14 दिवसांत दुरुस्ती करून घ्यावी, नाहीतर मिळालेली परवानगी वाया जाते.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 मध्ये स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती यांच्याबरोबर पूर आणि मोठ्या आपत्तीचे बळीही मोफत साहाय्याला पात्र आहेत. महाड-पोलादपूरमध्ये ही ओळ प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर असायला हवी.

पण खरे काम याच्या आधीचे आहे. वसुलीचा दावा दाखल करणाऱ्याने पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा दाव्यासोबतच द्यावा. वकिलाने सही घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: पैसे घेतले का, किती परत दिले, कागद कोणते आहेत. आणि कोर्टाने आदेश 10 वापरावा. पहिल्या सुनावणीला कोणते कथन मान्य आणि कोणते अमान्य हे पक्षकारांकडून नोंदवून घेण्याचा, वाद स्पष्ट व्हावा म्हणून त्यांना तोंडी विचारण्याचा अधिकार तिथे आहे. 1879 च्या कायद्याने न्यायाधीशावर जे कर्तव्य म्हणून टाकले होते, त्याचा मोठा भाग आजच्या संहितेत या आदेशात शिल्लक आहे. तो कागदोपत्री राहू नये. मुद्दे काढण्यापूर्वी प्रतिवादीला विचारलेल्या दहा मिनिटांच्या प्रश्नांनी पुढचा दुरुस्ती अर्ज, त्यावरचे म्हणणे आणि मुंबईची रिट याचिका, म्हणजे दोन-तीन वर्षे वाचतात.

जो कर्जदार नीट विचारल्यावर खोटे बोलला त्याला उशिरा बदल नाकारणे हा न्याय आहे. ज्याला कोणी काही विचारलेच नाही, त्याला तत्परतेचा नियम दाखवून परत पाठवणे हा न्याय नाही. हा फरक कोर्टाला दिसावा, यासाठी पहिल्या तारखेला प्रतिवादीशी बोलण्याची शिस्त तालुका न्यायालयांनी आजपासून पाळावी.